कंपनी आणि भाकरी

शब्दाची व्युत्पत्ती हाती आली की शब्दच हाती आला, अशी एक समजूत आपल्या भाषाभ्यासात खोलवर रुजलेली आहे. तिच्या उलट टोकाला दुसरी एक समजूत आहे : परभाषेतून आलेल्या शब्दापुढे त्या भाषेचे आद्याक्षर कंसात घातले की कोशकाराचे कर्तव्य संपले. पहिलीत मुळाला सर्वस्व मानले जाते. दुसरीत ते दाराशीच सोडून दिले जाते. रोजच्या तोंडातला एखादा साधा शब्द या दोहोंच्या कचाट्यात सापडला तर त्याचे काय होते, हे पाहण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. सांगली जिल्ह्यातील पलूस येथे, एका घराच्या सोप्यात, अशा एका शब्दावरून नातीचे आणि आजोबांचे झालेले बोलणे त्यासाठी पुरेसे आहे.

नात मराठी विषय घेऊन पदव्युत्तर वर्गात शिकते. परिसराच्या बोलीत स्थिरावलेल्या इंग्रजी शब्दांवर तिला लघुप्रबंध लिहावयाचा आहे. त्यासाठी तिने कार्डे केली आहेत. प्रत्येक कार्डावर शब्द, लिंग, मूळ भाषा आणि अर्थ असे चार रकाने. आजोबा एका ओतकामाच्या कारखान्यातून मोल्डर म्हणून निवृत्त झाले, त्याला बरीच वर्षे लोटली. त्यांना कार्डे वाचून दाखवावीत, काही चुकले असेल तर ते सांगतील, असा तिचा हिशेब होता. 'कंपनी' या शब्दाचे कार्ड तिने वाचले : नाम, स्त्रीलिंगी, मूळ इंग्रजी, अर्थ 'कारखाना'.

"कारखाना न्हवं," आजोबा म्हणाले. "कारखाना उसाचा. कंपनी येगळी."

एवढ्या लहानशा दुरुस्तीत अर्थविज्ञानाचा एक संपूर्ण पाठ सामावलेला आहे. सोस्यूरच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानग्रंथात मूल्याची जी कल्पना मांडली आहे, तिचे सार असे की शब्दाचा अर्थ शेजारच्या शब्दांनी त्याला किती जागा सोडली आहे यावरून ठरतो. फ्रेंचमधील 'मूतों' मेंढीलाही लागतो आणि तिच्या मांसालाही. इंग्रजीत मात्र ताटातल्या मांसासाठी 'मटन' हा वेगळा शब्द असल्यामुळे 'शीप' या शब्दाचे मूल्य बदलते. (तोच 'मटन' पुढे आपल्याकडे 'मटण' होऊन बहुधा बोकडाच्या वाट्याला गेला, हे सोस्यूरच्या उदाहरणाला मराठीने जोडलेले शेपूट.) पलूसच्या बोलीत 'कंपनी'ची जागा अशीच शेजाऱ्यांनी आखून दिली आहे. 'कारखाना' हा फार्सी वळणाचा शब्द येथे सहकारी साखर कारखान्यासाठी राखीव आहे. 'सोसायटी' म्हणजे गावची विकास सेवा सोसायटी, पीककर्जाची जागा. 'वाडी' म्हणजे किर्लोस्करवाडी, दुसरी कोणतीही वाडी नव्हे. आणि 'कंपनी' म्हणजे जेथे ऊस गाळला जात नाही, कर्ज मिळत नाही, पण भोंगा होतो, पाळी असते आणि महिन्याला पगार होतो ती जागा. चारही शब्दांना प्रमाणभाषेत 'संस्था' किंवा 'उद्योग' असे एकच नाव देता येईल. पलूसला ते चालणार नाही.

शिवाय हा शब्द एकाच अर्थावर थांबलेला नाही. दुकानात शेतकरी मोटारीचा सुटा भाग हातात घेऊन विचारतो, "कंपनीचा हाय का डुप्लिकेट?" तेथे 'कंपनीचा' म्हणजे अस्सल. "कंच्या कंपनीचं?" या प्रश्नात तो छाप्याचे नाव मागतो. लष्करातून निवृत्त झालेल्या माणसाच्या तोंडी कंपनी म्हणजे शंभरसव्वाशे जवानांची तुकडी. महाविद्यालयीन मुलगा मित्राला "कंपनी दे" म्हणतो, तेव्हा सोबत मागतो. मुंबईची गुन्हेगारी ज्या बातम्यांतून गावात पोहोचली, त्या बातम्यांत टोळीलाही कंपनीच म्हटले जाई. २००२ साली त्याच नावाचा एक हिंदी चित्रपटही आला. मालक, माल, फौज, सोबत आणि टोळी एकाच नावाने ओळखली जातात आणि बोलणाऱ्याचा त्यात कधी गोंधळ होत नाही.

हे अर्थ एकाच वेळी आलेले नाहीत. प्रत्येकाच्या पाठीमागे एक आगमन आहे. मराठीने हा शब्द प्रथम सत्तेचे नाव म्हणून ऐकला. ३१ डिसेंबर १६०० रोजी लंडनच्या व्यापाऱ्यांना राणी एलिझाबेथकडून सनद मिळाली. त्यांची संस्था पुढे दोन अडीच शतकांत इतकी बदलली की मराठी कागदपत्रांत 'कुंपणी' हे राज्यकर्त्याचे नाव झाले. साताऱ्याच्या राज्याला तर या शब्दाचा फार जवळून अनुभव आला. १८३९ साली छत्रपती प्रतापसिंह पदच्युत झाले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि वर्षानुवर्षे कंपनीच्या संचालकांपुढे अर्ज करीत राहिले. १८४८ साली राज्य खालसा झाले. १८५८ मध्ये कंपनीचा कारभार संपला, १८७४ मध्ये कंपनीही विसर्जित झाली. शब्द मात्र मागे राहिला. जो आपल्यापैकी नाही, ज्याचा धनी दूर कोठेतरी आहे, पण ज्याच्या हुकमाने आपले दिवस ठरतात असा कोणी, ही छटा 'कंपनी'ला त्या काळात चिकटली. ती अजून पुरती पुसली गेली आहे असे म्हणवत नाही.

त्याच काळात फौजेच्या मार्गाने एक सदृश शब्द मराठीत शिरला होता : 'कंपू'. महादजी शिंद्यांच्या पदरी द बॉयन या सेनानीने उभ्या केलेल्या कवायती पलटणींना कंपू म्हणत. हा शब्द 'कॅम्प'च्या कुळातला, म्हणजे मैदान या अर्थाच्या लॅटिन शब्दाचा वंशज. 'कंपनी'शी त्याचे रक्ताचे नाते नाही. परंतु आज मराठीत 'कंपू' म्हणजे आपापसांत घट्ट जमलेली टोळी. जो अर्थ युरोपात 'कंपनी'ने वाहिला, तो मराठीत वेगळ्याच कुळातल्या शब्दाने उचलला. व्युत्पत्ती शब्दाला वाट दाखवीत असेल, पण शब्द कोठे मुक्काम करील हे ती ठरवीत नाही, याचे हे एक लहान प्रमाण.

नंतर आली आगगाडी. पुण्याहून मिरजेकडे जाणारा लोहमार्ग १८८२ साली स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वे या कंपनीने घातला. त्या मार्गावरच्या कुंडल रोड स्थानकाजवळ, औंध संस्थानच्या माळावर, १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगराचा कारखाना आणला. त्या उद्योगाच्या नावात 'बंधू' हा नात्याचा शब्द होता. १९२० साली तो मर्यादित कंपनी झाला आणि त्याच वर्षी वाडीतून 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक निघू लागले; पुढे त्याच्या नावातला 'खबर' हा शब्द गळाला. भाषाशुद्धीच्या चळवळीचा तो काळ. 'खबर'सारखे शब्द मराठीत असावेत की नसावेत याची चर्चा शिकलेल्या महाराष्ट्रात रंगली होती. माधव ज्युलियनांचा 'भाषाशुद्धि-विवेक' १९३८ चा. परंतु गावच्या माणसाने जो शब्द उचलला, तो या चर्चेला न विचारताच उचलला. 'लिमिटेड'चे 'मर्यादित' झाले आणि ते रुजलेही. 'कंपनी' मात्र कायद्याच्या मराठीतही 'कंपनी'च राहिली.

पर्याय नव्हता असे नाही. 'मंडळी' हा जुना, गोड शब्द होता. रंगभूमीने तो मनापासून वापरला : किर्लोस्कर नाटक मंडळी, महाराष्ट्र नाटक मंडळी, गंधर्व नाटक मंडळी. पाटीवर 'मंडळी' असे, आणि प्रेक्षक बोलताना 'नाटक कंपनी' म्हणत. चित्रपट आला तेव्हा पाटीनेही हार पत्करली : कोल्हापुरात बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी, त्यानंतर १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी. 'मंडळी' जेथे जेवायला बसते, लग्नाला जमते, किंवा जेथे नवरा बायकोला 'आमची मंडळी' म्हणतो, तेथेच ती उरली. पैसा जेथे भांडवल झाला, तेथे तिला बसता आले नाही. शब्दांच्या या वाटणीत व्यवहाराची वाटणी लपलेली आहे.

येथपर्यंत नातीच्या कार्डाला पुरेसे काम होते. तिने त्यापुढे जाऊन 'इं.' या आद्याक्षराच्या पलीकडे काय आहे ते शोधले, आणि तिच्या हाती जे लागले त्याने ती हरखून गेली. इंग्रजी 'कंपनी' फ्रेंचमधून आला, फ्रेंच शब्द उत्तरकालीन लॅटिनमधल्या 'कोम्पानियो'वरून. 'कोम्' म्हणजे सह, 'पानिस' म्हणजे रोटी. एका भाकरीवर जेवणारा तो 'कोम्पानियो'. फ्रँक लोकांच्या 'लेक्स सालिका' या कायदेग्रंथात हा शब्द सापडतो, आणि तोही बहुधा एखाद्या जर्मानिक शब्दावरून बेतलेला असावा, कारण गॉथिक भाषेत नेमक्या याच घडणीचा 'गाहलैबा' हा शब्द आहे : 'गा' सह, 'हलैफ्स' रोटी. म्हणजे लॅटिनही येथे उसनवार करीत होती. ज्याला आपण मूळ म्हणतो, त्याच्याही मागे आणखी एक घर असते.

त्याच 'पानिस'चे आणखी एक बाळ मराठीत शतकानुशतके नांदते आहे. पोर्तुगिजांच्या 'पाँव'पासून आपला 'पाव' झाला. आगगाडीच्या 'पॅन्ट्री' डब्यातली पॅन्ट्री हीही मूळची रोटीची कोठी. 'सोसायटी'चे कूळ शोधावे तर ते 'सोसियस' म्हणजे सोबती या लॅटिन शब्दापाशी जाते, आणि त्याचा संस्कृत भाऊबंद म्हणजे 'सखा'. ज्या गावात कंपनी आणि सोसायटी हे दोन शब्द पगार आणि कर्ज यांची दोन टोके दाखवितात, त्या गावात दोन्हींच्या तळाशी सोबत्याचाच अर्थ पुरलेला आहे. वैदिक भाषेलाही एकत्र जेवण्यासाठी 'सग्धि' असा स्वतंत्र शब्द होता. मराठीने तो राखला नाही, 'पंगत' राखली. पंगतीत मात्र भाकरीपेक्षा ओळ महत्त्वाची, आणि ओळीत कोण बसतो, कोण बसत नाही, हे त्याहून महत्त्वाचे.

नातीने आजोबांना रोटीची ही हकीकत सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितले ते येथे त्यांच्याच क्रमाने नोंदविणे योग्य.

ते ओतकामाला लागले तेव्हा जेवणाच्या सुट्टीत कोण कोठे बसतो याचा नकाशा गावातून कारखान्यात आलेला होता. तो कोणी काढला नव्हता आणि कोणी पुसतही नव्हते. आजोबांची जागा भिंतीकडेची. फडके सोडावे, भाकरी खावी, आपल्या भांड्यातले पाणी प्यावे आणि भोंग्याच्या आत साच्यापाशी परतावे. काळ्या वाळूत दाबलेला साचा, त्यात पडणारा तापला रस, यांपुढे सगळे हात सारखे. सुट्टी झाली की हात पुन्हा आपापल्या जातीचे होत. एकदा भट्टी अडली. रात्रीचे ओतकाम पहाटेवर गेले, डबे केव्हाच संपलेले. साच्यावर जोडीला असलेल्या माणसाने आपल्या फडक्यातली उरलेली एक भाकरी काढली, मोडली आणि अर्धी आजोबांच्या हातावर ठेवली. काही बोलला नाही. "भाकरी वाळली हुती," आजोबांनी सांगितले, "आन् कोरड्यास न्हवतं." दुसऱ्या दिवशी तो माणूस भिंतीकडे येऊन बसला. महिन्याभरात दोघांचे चौघे झाले.

"ती आमची कंपनी," आजोबा म्हणाले. "पगार द्यायची ती नोकरी."

येथे नातीला आपल्या लघुप्रबंधाचा शेवट सापडला असे वाटले, आणि वाटावे हे स्वाभाविक होते. दीड हजार वर्षांपूर्वीचा अर्थ, लॅटिनचे एक अक्षर ठाऊक नसलेल्या माणसाच्या तोंडून, पलूसच्या सोप्यात जसाच्या तसा परत आला! शब्दाने आपले मूळ विसरू दिले नाही! अशी वाक्ये मनात तयारच असतात. ती लिहिण्याआधी मात्र थोडे थांबणे आवश्यक आहे.

या थांबण्यासाठी लागणारी सामग्री आपल्या परंपरेतच आहे. 'कर्मणि कुशल' या प्रयोगात 'कुशल' म्हणजे मुळात कुश गवत निवडून आणणारा, म्हणून 'निपुण' हा अर्थ रूढीने आलेली लक्षणा होय, असे मम्मटाने मानले. चौदाव्या शतकातील विश्वनाथाला ते पटले नाही. साहित्यदर्पणात त्याने भेद केला : शब्द घडण्याचे निमित्त एक, शब्द वापरला जाण्याचे निमित्त दुसरे, एक व्युत्पत्तिनिमित्त, दुसरे प्रवृत्तिनिमित्त. व्युत्पत्तीने मिळणारा अर्थच मुख्य मानावयाचा, तर 'गाय निजली आहे' या वाक्यातही लक्षणा मानावी लागेल. कारण 'गो' हा शब्द 'जाणे' या अर्थाच्या धातूपासून साधलेला, आणि निजलेली गाय काही चालत नसते. विश्वनाथाच्या या गायीने जेवढे काम केले आहे तेवढे आधुनिक अर्थविज्ञानातील कित्येक सिद्धांतांनी केले नसेल. ग्रीकमध्ये 'एतिमोन' म्हणजे खरा अर्थ. युरोपीय 'एटिमॉलॉजी'च्या नावातच हा दावा बसलेला आहे की मूळ तेच खरे. विश्वनाथ तो दावा नम्रपणे दाराबाहेर ठेवतो.

आजोबांच्या वाक्याला हा भेद लावून पाहावा. त्यांच्या 'कंपनी'चे प्रवृत्तिनिमित्त रोमन सैनिकांच्या रोटीत नाही. ते त्या पहाटेच्या अर्ध्या भाकरीत आहे. 'आमची कंपनी' हा मित्रमंडळासाठीचा प्रयोग मराठीत आधीपासून होता. आजोबांनी तो उचलला आणि त्यात आपला अनुभव भरला. लॅटिन व्युत्पत्ती उद्या चुकीची ठरली, तरी त्यांच्या वाक्याचे काहीही बिघडणार नाही. उलट व्युत्पत्तीला अर्थाची राखणदार मानले, तर ईस्ट इंडिया कंपनीचे काय करावे? तिच्याही नावात तीच रोटी होती. रंगो बापूजींच्या अर्जांपुढे ती रोटी काही आडवी आली नाही. ज्या शब्दाने सोबत आणि सत्ता दोन्ही सारख्याच निर्विकारपणे वाहिली, त्याच्या उगमात नीती शोधणे हे भोळेपणाचे आहे.

या भोळेपणाची एक किंमतही असते आणि ती दुसऱ्यालाच मोजावी लागते. आजोबांची हकीकत 'पानिस'चा पुरावा म्हणून मांडली की भिंतीकडेची ती जागा, तिथली वर्षे आणि भाकरी मोडणाऱ्या माणसाने घेतलेला धोका हे सारे युरोपच्या एका शब्दाच्या चरित्रातली तळटीप होते. आणि नुसते 'इं. कारखाना' लिहिले तर तीही राहत नाही. रेमंड विल्यम्स महायुद्धातून १९४५ मध्ये केंब्रिजला परतला, तेव्हा भोवतीची माणसे 'कल्चर' हा शब्द काही वेगळ्याच तऱ्हेने वापरताहेत असे त्याला जाणवले. त्या जाणिवेतून पुढे १९७६ चा 'कीवर्ड्स' झाला. शब्दाचा इतिहास म्हणजे त्याच्यावरून चाललेल्या झगड्यांचा इतिहास, हे त्या पुस्तकाचे शिकवणे. पलूसमधला झगडा 'कंपनी' कोणाची, हा आहे. संचालकांची, धन्याची, छाप्याची, की एका फडक्याभोवती बसलेल्या चौघांची? आजोबांनी त्याचे उत्तर देऊन टाकले होते. परंतु प्रश्न तेवढ्यावर मिटला नाही, कारण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आजी बसल्या होत्या.

"आमची कसली कंपनी," त्या म्हणाल्या. "आमी भाकरी थापायला."

आजींच्या बोलण्यात 'कंपनी' या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. तो कोणत्याही कार्डावर नव्हता. "कंपनी सुटायच्या आत चूल पेटली पायजे," असे त्या म्हणतात. तेथे कंपनी म्हणजे वेळ. पहिल्या पाळीचा माणूस घराबाहेर पडण्यापूर्वी पीठ मळून, भाकऱ्या भाजून, फडक्यात बांधून तयार पाहिजेत. भोंगा झाला की दुसरा स्वयंपाक. सारे आयुष्य ज्या भोंग्याने बांधले, त्या भोंग्याच्या आत त्या कधी गेल्या नाहीत. चौघांनी वाटून खाल्लेली ती वाळलेली भाकरी चार घरांपैकी एका घरात कोणा बाईने थापली होती. आजोबांच्या हकीकतीत ती नाही. 'कोम्पानियो'तही नाही. तो शब्द रोटी खाणाऱ्यांची गणती करतो.

इंग्रजीने मात्र तिची नोंद एके काळी केली होती. 'लॉर्ड' हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या 'रोटीचा राखणदार' या अर्थाच्या समासाचा झिजलेला अवशेष. 'लेडी' म्हणजे 'रोटीचे पीठ मळणारी'. राखणारा, मळणारी आणि वाटून खाणारे, अशी रोटीभोवतीची तिन्ही नावे त्या भाषेत होती. तिन्ही आपल्याकडे आली. 'लॉर्ड'चा 'लाटसाहेब' झाला आणि थट्टेच्या कामी लागला. 'कंपनी'ची कथा वर आलीच. राहिली 'लेडी'.

नातीने उत्साहाने आजींना सांगितले, "आजी, लेडी म्हणजे मुळात भाकरी करणारी."

"लेडी म्हंजी लेडीज व्हय?" आजी म्हणाल्या. "ती यष्टीतली शीट."

विश्वनाथाची गाय येथे पुन्हा निजली. आजींसाठी 'लेडीज' म्हणजे एस.टी. बसमधली बायकांसाठी राखलेली जागा. तोच त्या शब्दाचा मुख्यार्थ, आणि त्यात चूक काहीच नाही. किंबहुना 'पीठ मळणारी' या अर्थापेक्षा त्यांना तो अधिक मोलाचा आहे : घराबाहेर, हक्काने, बसता येईल अशी जागा.

आता या घरात 'कंपनी' आणखी एका वाटेने आली आहे. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन उत्पादक कंपनीची तरतूद झाली. दहा उत्पादक एकत्र आले तर ते कंपनी स्थापन करू शकतात, आणि भाग कितीही असोत, व्यक्तिसभासदाला मत एकच. सहकाराचे तत्त्व आणि कंपनीचा देह अशी ही रचना. पलूसच्या आसपासच्या द्राक्षबागायतदारांतही आता 'आमची कंपनी' असा शब्दप्रयोग ऐकू येतो, आणि तो आजोबांच्या प्रयोगाहून निराळा आहे. शब्दाने एक वळण पुरे केले असे म्हणण्याचा मोह येथेही होतो : दूरच्या धन्याचे नाव आता शेतकऱ्याच्या नावापुढे लागले. पण नातीच्या आईला विचारावे. बागेत विरळणी, डिपिंग, छाटणीनंतरची सारी निगा यांत तिचे हात असतात. सात-बारा नातीच्या वडिलांच्या नावावर, म्हणून कंपनीचा भागही घरच्यांनी त्यांच्याच नावे घेतला. सभेला ते जातात. आई म्हणते, "ह्यांची कंपनी."

'आमची', 'ह्यांची', 'कसली' : एकाच घरात, एकाच शब्दामागे लागलेली ही तीन विशेषणे. शब्दकोशाला विशेषणांची नोंद करण्याची सवय नसते. तो नामाचा अर्थ देतो आणि पुढे जातो. परंतु अर्थाची खरी हालचाल येथे नामात नाही, त्याच्या आधी येणाऱ्या या लहानशा शब्दांत आहे. बोलणारा त्या कुंपणाच्या आत आहे की बाहेर, हे त्यांवरून कळते. बाख्तिनने म्हटले होते की भाषेतला शब्द निम्मा दुसऱ्याचा असतो, आणि बोलणारा त्यात आपला हेतू भरतो तेव्हाच तो त्याचा होतो. त्याने हे म्हणताना एक गोष्ट गृहीत धरली होती, ती म्हणजे प्रत्येकाला तसे भरण्याची संधी असते. आजींच्या 'कसली'ने त्या गृहीतावरच बोट ठेवले आहे. परका शब्द आपलासा करणे ही केवळ भाषेची शक्ती नाही. त्यासाठी आधी त्या शब्दाच्या आत बसण्याची जागा मिळावी लागते. आजोबांना ती अर्ध्या भाकरीने मिळाली. ती भाकरी मोडणारा नसता, तर 'कंपनी' त्यांच्यासाठी जन्मभर पगाराचेच नाव राहिली असती.

त्या रात्री नातीने कार्ड पुन्हा लिहावयास घेतले. 'मूळ'च्या रकान्यात 'इं.' राहू दिले. त्यापुढे लॅटिन व्युत्पत्ती दोन ओळींत लिहिली आणि थांबली. अर्थाच्या रकान्यातले 'कारखाना' खोडून तेथे आकडे घातले : सत्ता, पगाराची जागा, अस्सल माल, तुकडी, सोबत, टोळी, वेळ. आजोबांचा अर्थ तिने शेवटी लिहिला, त्यासोबत वाक्य दिले, आणि वाक्याखाली ते कोणी, कोठे, कशाबद्दल म्हटले याची नोंद केली. कार्ड पुरले नाही. दुसरे जोडावे लागले. तळाशी प्रतिनिर्देश : 'पहा, मंडळी, सोसायटी, कारखाना, भाकरी.'

'भाकरी'चे कार्ड तिच्याकडे नव्हते, कारण तो इंग्रजी शब्द नाही आणि विषयाच्या कक्षेत येत नाही. तिने ते तरीही केले. शब्द, लिंग, मूळ, अर्थ हे रकाने भरले. मग खाली, भाकरी थापणाऱ्या बाईला काय म्हणतात याची एक ओळ तिला हवी होती. राखणाऱ्याला शब्द आहेत, वाटून खाणाऱ्यांना आहेत, उपाशी राहणाऱ्यालाही आहेत. पहाटे आतून थापण्याचा आवाज येऊ लागला, तोवर ती ओळ कोरी होती.